टीकेइंटरमध्ये अनेक विंडो: उघडायच्या कशा, सांभाळायच्या कशा, बंद करायच्या कशा

पायथनचे छोटे प्रोग्रॅम काळ्या पडद्यावर चालायला लागले की पुढची ओढ ठरलेली असते: आता बटणं असलेला, माऊसने चालणारा प्रोग्रॅम करायचा. टीकेइंटर या पायथनच्या विंडो बनवायच्या लायब्ररीत पहिली विंडो पाच-सहा ओळींत उघडते आणि फार आनंद होतो. खरी दमछाक सुरू होते ती दुसऱ्या विंडोपासून. ती दोनदा उघडते, मागे लपते, रिकामी दिसते, किंवा सगळं बंद केलं तरी प्रोग्रॅम आत कुठेतरी चालूच राहतो.

हे सगळं टाळता येतं. कोणतीही नवी विंडो लिहायला घेण्याआधी तीन गोष्टी कागदावर ठरवा. ती कोणत्या विंडोच्या मालकीची आहे? ती उघडी असताना मागची विंडो वापरता येईल का? आणि ती बंद झाल्यावर नेमकं काय व्हायला हवं? तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो आणि सगळ्यात जास्त त्रास तोच देतो.

उदाहरण म्हणून एका छोट्या वाचनालयाचा प्रोग्रॅम धरू. सुरुवातीला लॉगिन, मग पुस्तकांच्या यादीची मुख्य विंडो, आणि तिच्यातून उघडणाऱ्या 'नवा सभासद' आणि 'पुस्तक देणे' या दोन विंडो. आज्ञांची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. कोडमध्ये ती रोमन लिपीत, बहुतेक ठिकाणी लहान अक्षरांत आणि दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून लिहायची. फक्त टीके() मधला टी, टॉपलेव्हल() मधला टी अशी क्लासची पहिली अक्षरं मोठी.

काय काय लागेल

- पायथन ३. शक्यतो ताजी आवृत्ती.
- टीकेइंटर. विंडोजवर पायथनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये 'टीसीएल/टीके अँड आयडल' हा पर्याय असतो, त्याची खूण काढू नका. उबुंटू आणि डेबियनवर 'पायथन३-टीके' हे पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. मॅकवर होमब्रूने पायथन घेतलं असेल तर 'पायथन-टीके' वेगळं घ्या.
- कोड लिहायला कोणताही एडिटर.
- चुकांचे संदेश वाचण्यासाठी टर्मिनल. प्रोग्रॅम पूर्ण होईपर्यंत तो टर्मिनलमधूनच चालवा. कारण पायरी ८ मध्ये आहे.

१. टीकेइंटर खरंच आहे का ते बघा

टर्मिनलमध्ये पायथनला उणे एम आणि टीकेइंटर असं देऊन चालवा. आवृत्तीचा आकडा आणि दोन बटणं असलेली छोटी विंडो उघडली की झालं. तो आकडा बहुतेकांकडे ८.६ पासून पुढचा असेल.

इथला सापळा साधा पण चिवट आहे: सरावाच्या फाइलला टीकेइंटर हेच नाव देऊ नका. पायथन आधी तुमच्याच फोल्डरमध्ये शोधतो, तुमचीच फाइल इम्पोर्ट करतो आणि 'टीके नावाचं काही सापडलं नाही' असं सांगतो. इन्स्टॉलेशन बिघडलंय असं समजून लोक पायथन काढून पुन्हा घालतात, आणि दोष तसाच राहतो.

२. मूळ विंडो एकच, लूपही एकच

टीके() म्हटलं की मूळ विंडो, म्हणजे रूट, तयार होते. शेवटी रूटवर मेनलूप() म्हटलं की प्रोग्रॅम क्लिक आणि कळांची वाट बघत बसतो. मेनलूप() च्या खालच्या ओळी रूट बंद होईपर्यंत चालत नाहीत, म्हणून बटणं, मेनू, जे काही मांडायचं ते त्याच्या आधी मांडा.

आता महत्त्वाचं. दुसरी विंडो हवी म्हणून पुन्हा टीके() लिहू नका. टीके, म्हणजे टीकेइंटरच्या मागे विंडो काढणारा संच, हे मुळात टीसीएल या भाषेसाठी जॉन ओस्टरहाउट यांनी बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार केलं, आणि आजही पायथनच्या मागे टीसीएलचा इंटरप्रिटर चालू असतो. टीके() प्रत्येक वेळी असा एक नवा, स्वतंत्र इंटरप्रिटर सुरू करतो. दोघांना एकमेकांचं काही माहीत नसतं. परिणाम असा की दुसऱ्या विंडोतल्या एंट्रीला (मजकूर टाइप करायच्या चौकटीला) तुम्ही स्ट्रिंगव्हार, म्हणजे तो मजकूर धरून ठेवणारं टीकेइंटरचं व्हेरिएबल, जोडता, वापरणारा त्यात नाव टाइप करतो, आणि गेट() केल्यावर रिकामी स्ट्रिंग हाती येते. मालक सांगितला नाही तर तो स्ट्रिंगव्हार पहिल्या इंटरप्रिटरमध्ये तयार होतो, एंट्री असते दुसऱ्यात. चुकीचा संदेशही येत नाही, त्यामुळे शोधताना तासन्तास जातात.

दुसरी, तिसरी, दहावी विंडो टॉपलेव्हल() ने उघडा आणि कंसात पहिला मालक द्या. मेनलूप() ही एकदाच, रूटवर.

३. आकार आणि जागा

टायटल() ने शीर्षक आणि जॉमेट्री() ने आकार व जागा द्यायची. जॉमेट्रीची स्ट्रिंग अशी बनते: रुंदी, मग रोमन एक्स, मग उंची, मग अधिक चिन्ह आणि डावीकडून अंतर, मग अधिक चिन्ह आणि वरून अंतर. या स्ट्रिंगमध्ये देवनागरी अंक चालत नाहीत. नुसता आकार दिला तर जागा सिस्टिम ठरवते, आणि नुसती जागा दिली तर आकार आतल्या मजकुराप्रमाणे ठरतो. माझा सल्ला, आकार देऊच नका. आतल्या गोष्टींना त्यांची जागा घेऊ द्या आणि मिनसाइझ() ने किमान मर्यादा तेवढी घाला. तुमच्या पडद्यावर नीट बसलेला आकार दुसऱ्याच्या लॅपटॉपवर, मोठ्या फाँटमध्ये, खालची बटणं कापून टाकतो.

विंडो पडद्याच्या मधोमध आणायची असेल तर रुंदी विचारावी लागते, आणि इथे बरेच जण अडखळतात. विंडो नुकतीच तयार केली असेल तर विनफो_विड्थ() चक्क १ असं उत्तर देतो, कारण मांडणी अजून झालेलीच नसते. योग्य क्रम असा:

- विथड्रॉ() करून विंडो लपवा.
- आतली सगळी मांडणी करा.
- अपडेट_आयडलटास्क्स() म्हणा, म्हणजे मांडणीचा हिशेब पूर्ण होतो.
- विनफो_रेक्विड्थ() आणि विनफो_रेकहाइट() ने हवा असलेला आकार घ्या, विनफो_स्क्रीनविड्थ() आणि विनफो_स्क्रीनहाइट() ने पडद्याचा.
- वजाबाकी करून निम्मं करा, जॉमेट्री() ला फक्त जागा द्या आणि डीआयकॉनिफाय() ने विंडो दाखवा.

लपवून मांडल्यामुळे विंडो आधी कोपऱ्यात चमकून मग मध्ये उडी मारत नाही.

विंडोजवर अक्षरं धूसर दिसत असतील तर पायथनच्या सीटाइप्स या मॉड्यूलच्या मदतीने सिस्टिमच्या 'सेट प्रोसेस डीपीआय अवेअरनेस' या फंक्शनला १ ही किंमत द्या. हे टीके() च्या आधी व्हायला हवं.

४. दुसरी विंडो उघडा, पण एकदाच

'नवा सभासद' या बटणाच्या कमांडमध्ये फंक्शनचं नुसतं नाव द्या, पुढे कंस नको. कंस दिलात तर फंक्शन बटण बनतानाच चालतं: प्रोग्रॅम सुरू होताक्षणी विंडो आपोआप उघडते आणि नंतर बटण दाबल्यावर काहीच होत नाही.

वाचनालयातल्या काउंटरवर बसलेली माणसं बटणावर दोनदा क्लिक करतात. डेस्कटॉपवरच्या आयकॉनची सवय असते, त्यात त्यांची काही चूक नाही. मग एकावर एक अशा दोन 'नवा सभासद' विंडो उघडतात. एकीत नाव भरलं जातं, दुसरी मागे रिकामी राहते. ती तासाभराने दिसल्यावर 'मी भरलेलं नाव गेलं' म्हणून फोन येतो.

उपाय असा. मुख्य विंडोच्या ऑब्जेक्टमध्ये सभासद_विंडो अशी एक जागा ठेवा, सुरुवातीला नन, म्हणजे पायथनची 'काहीच नाही' ही किंमत. बटण दाबल्यावर आधी तपासा: तिथे काही आहे का, आणि असेल तर विनफो_एक्झिस्ट्स() खरं सांगतो का? दोन्ही होकारार्थी असतील तर नवी विंडो बनवू नका. असलेलीवर डीआयकॉनिफाय(), लिफ्ट() आणि फोकस_सेट() करा. म्हणजे ती खाली दडलेली असली तरी समोर येते. नाहीतर नवी बनवा आणि त्या जागेत ठेवा. ननची तपासणी पुरत नाही, कारण विंडो बंद झाली तरी पायथनमधला ऑब्जेक्ट जिवंत राहतो. म्हणून विनफो_एक्झिस्ट्स() हवंच.

प्रत्येक विंडोसाठी टॉपलेव्हलवरून वेगळा क्लास लिहिण्याची सवय लावून घ्या. ग्लोबल व्हेरिएबलांचा गुंता तिथेच संपतो. मात्र त्या क्लासमध्ये सेल्फला जोडून टायटल, स्टेट, मास्टर, साइझ अशी नावं वापरू नका. ही टीकेइंटरची स्वतःची नावं आहेत. वाचनालयाच्या प्रोग्रॅममध्ये पुस्तकाचं शीर्षक सेल्फ.टायटल मध्ये ठेवण्याचा मोह फार होतो. मग विंडोला शीर्षक द्यायला जाल तेव्हा 'स्ट्रिंगला कॉल करता येत नाही' अशी चूक येते. पुस्तक_शीर्षक असं स्पष्ट नाव द्या. आणखी एक: बटणावर किंवा विंडोच्या आयकॉनला फोटोइमेज लावत असाल तर ती सेल्फमध्ये साठवा. फंक्शनच्या आत नुसती ठेवली तर फंक्शन संपताच पायथन ती टाकून देतो आणि चित्राच्या जागी कोरी चौकट उरते.

५. मागची विंडो अडवायची असेल तर

'पुस्तक देणे' ही विंडो उघडी असताना मागच्या यादीतून तेच पुस्तक कोणी काढून टाकलं तर नोंदी बिघडतात. इथे मागची विंडो थांबवणं रास्त आहे. तीन आज्ञा, याच क्रमाने:

- ट्रान्झिएंट(), कंसात मालक विंडो. त्यामुळे नवी विंडो मालकाच्या वर राहते आणि टास्कबारवर सहसा वेगळी दिसत नाही.
- ग्रॅब_सेट(). आता माऊसचे क्लिक फक्त या विंडोला मिळतात.
- मालकाच्या बाजूने वेट_विंडो(), कंसात नवी विंडो. ती बंद होईपर्यंत पुढची ओळ थांबते, पण पडदा गोठत नाही.

लिनक्सवर ग्रॅब_सेट() कधी कधी 'विंडो दिसत नाही' असं कारण देऊन नाकारतो. त्याच्या आधी वेट_व्हिजिबिलिटी() घाला.

वेट_विंडो() नंतर उत्तर वाचायचं ते एंट्रीतून नव्हे, एंट्री तोवर नष्ट झालेली असते. 'जतन करा' दाबताच किंमत विंडोच्या ऑब्जेक्टमध्ये, उदाहरणार्थ सेल्फ.निकाल मध्ये, ठेवा आणि मग डिस्ट्रॉय() करा. निकाल सुरुवातीला नन असू द्या, म्हणजे फुलीवर क्लिक करून विंडो बंद केली तर ते ननवरून कळतं.

जाता जाता: काउंटरवरच्या माणसाने सभासद क्रमांक देवनागरी अंकांत टाइप केला तरी घाबरू नका. पायथनचं इंट() '१२' या मजकुरातून बरोबर बारा काढतं. फक्त तो क्रमांक स्ट्रिंग म्हणून शोधत असाल तर आधी इंट() मधून न्या, नाहीतर एकाच सभासदाची दोन खाती होतील.

प्रत्येक ठिकाणी मागची विंडो अडवू नका. 'नवा सभासद' भरताना यादीत डोकावावं लागतं, पत्ता जुन्या नोंदीतून बघावा लागतो. तिथे ग्रॅब_सेट() लावलात तर माणूस अर्धवट भरलेलं सगळं रद्द करून मागे जातो.

६. बंद होताना काय व्हायला हवं

विंडोच्या कोपऱ्यातली फुली दाबल्यावर टीके ती विंडो सरळ नष्ट करतं. मधे काही विचारायचं असेल तर प्रोटोकॉल() वापरा. पहिली किंमत 'डब्ल्यूएम_डिलीट_विंडो' ही स्ट्रिंग, सगळी अक्षरं कॅपिटल, आणि दुसरी तुमचं फंक्शन. एकदा हे लावलं की बंद करण्याची जबाबदारी पूर्ण तुमची. त्या फंक्शनमध्ये डिस्ट्रॉय() लिहायला विसरलात तर फुली निकामी होते.

'बदल जतन करायचे का?' हे विचारायला मेसेजबॉक्समधलं आस्कयेसनोकॅन्सल() चांगलं. त्याची उत्तरं तीन: हो म्हटलं तर ट्रू, नाही म्हटलं तर फॉल्स, रद्द केलं तर नन. इथे 'इफ नॉट उत्तर' असं लिहू नका. पायथनला फॉल्स आणि नन तिथे सारखेच वाटतात. माणूस 'रद्द' दाबतो, म्हणजे त्याला परत कामावर जायचं असतं, आणि प्रोग्रॅम काही न साठवता बंद होतो. नन आधी वेगळा तपासा आणि तिथूनच रिटर्न करा. मेसेजबॉक्सला पॅरंट म्हणून चालू विंडो द्या, नाहीतर प्रश्न भलत्याच विंडोवर उघडतो आणि मागची विंडो गोठल्यासारखी दिसते.

क्विट() आणि डिस्ट्रॉय() यांत गल्लत होते. क्विट() फक्त मेनलूप थांबवतो, विंडो तशाच राहतात. डिस्ट्रॉय() विंडो आणि तिच्या आतलं सगळं काढून टाकतो. रूटवर डिस्ट्रॉय() केलं की सगळ्या टॉपलेव्हल विंडोही जातात, आणि त्यांच्या प्रोटोकॉलमधले 'जतन करायचे का' हे प्रश्न विचारले जात नाहीत. म्हणून रूट बंद करण्याच्या फंक्शनमध्ये उघड्या विंडोंची चौकशी तुम्हीच करा.

आफ्टर() ने घड्याळ किंवा दर काही सेकंदांनी यादी ताजी करणं चालू असेल, तर त्याने परत दिलेला ओळखक्रमांक साठवा आणि बंद करताना आफ्टर_कॅन्सल() करा. नाहीतर नष्ट झालेल्या विंडोला हाक मारली जाते आणि टर्मिनलवर 'इनव्हॅलिड कमांड नेम' येतं.

७. लॉगिनची विंडो

नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

रीत अशी: रूट बनवा, विथड्रॉ() ने लपवा, लॉगिनसाठी टॉपलेव्हल उघडा, पासवर्ड बरोबर आला की लॉगिन विंडो नष्ट करून रूट डीआयकॉनिफाय() ने दाखवा. यात दोन खड्डे आहेत.

पहिला: पायरी ५ मधलं ट्रान्झिएंट() सवयीने इथेही लावलं जातं. ट्रान्झिएंट विंडो मालकाची स्थिती उचलते. मालक लपलेला, म्हणून लॉगिनही लपतं. प्रोग्रॅम चालू, चूक नाही, पडद्यावर काहीच नाही. लॉगिनला ट्रान्झिएंट लावू नका.

दुसरा: माणूस पासवर्ड न देता लॉगिनची फुली दाबतो. लॉगिन जातं, पण लपलेला रूट आणि त्याचा मेनलूप चालूच राहतो. दिवसभरात असं चार वेळा झालं तर टास्क मॅनेजरमध्ये चार पायथन बसलेले दिसतात, आणि डेटाबेसची फाइल त्यांनी धरून ठेवली असेल तर पाचवा प्रोग्रॅम 'डेटाबेस लॉक आहे' म्हणून अडतो. लॉगिनच्या प्रोटोकॉलमध्ये थेट रूट.डिस्ट्रॉय द्या. इथे कंस नको, हे आता लक्षात असेलच.

८. गोठणं आणि गप्प बसणं

बटणाचं फंक्शन चालू असताना मेनलूप थांबलेला असतो. त्यात टाइम.स्लीप() किंवा नेटवरून मोठी फाइल आणणं घातलंत तर सगळ्याच विंडो गोठतात आणि विंडोज शीर्षकात 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहितं. थांबायचं असेल तर आफ्टर() वापरा, वेळ मिलिसेकंदांत. जड काम वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे मुख्य कामाच्या बाजूने चालणाऱ्या धाग्यात, द्या, पण त्या थ्रेडमधून लेबल किंवा यादीला हात लावू नका. थ्रेडने उत्तर क्यूमध्ये (रांगेत) टाकावं आणि मुख्य बाजूने आफ्टर() च्या मदतीने दर १०० मिलिसेकंदांनी क्यू तपासावी.

बटणाच्या फंक्शनमध्ये चूक झाली तर टीकेइंटर ती टर्मिनलवर छापतं आणि पुढे चालत राहतं. प्रोग्रॅम पीवायडब्ल्यू फाइल म्हणून किंवा कन्सोलशिवाय पॅक करून दिला की टर्मिनलच नसतं. बटण दाबलं, काही झालं नाही, एवढंच वापरणाऱ्याला कळतं. रूटचं रिपोर्ट_कॉलबॅक_एक्सेप्शन हे फंक्शन स्वतःचं लिहा: चूक फाइलमध्ये नोंदवा आणि मेसेजबॉक्स दाखवा.

एकाच फ्रेममध्ये, म्हणजे विंडोतल्या एकाच कप्प्यात, पॅक() आणि ग्रिड() या मांडणीच्या दोन रीती मिसळू नका, टीके नकार देतं. वेगवेगळ्या फ्रेममध्ये खुशाल वापरा.

९. मराठी मजकूर

विंडोजवर 'निर्मला यूआय' फाँटमध्ये बटणं आणि लेबलं सुबक दिसतात. मॅकवरही अडचण येत नाही. लिनक्सवर मात्र टीके ८.६ अक्षरांची जुळणी करत नाही: 'किती' मधली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, 'प्रश्न' मधली जोडाक्षरं सुटी होतात. फाँट बदलून हे सुटत नाही. गंमत म्हणजे विंडोचं शीर्षक तिथेही बरोबर दिसतं, कारण शीर्षकाची पट्टी टीके नव्हे, डेस्कटॉपचा विंडो मॅनेजर काढतो. शीर्षक बघून 'मराठी चालतंय' असा निष्कर्ष काढू नका, आतलं लेबल बघा.

प्रोग्रॅम लिनक्सवर चालणार असेल आणि पडद्यावर मराठी हवंच असेल, तर पहिल्याच दिवशी टीकेइंटरऐवजी पायसाइड६, म्हणजे क्यूटी हा विंडो बनवायचा दुसरा संच पायथनमधून वापरायची लायब्ररी, घ्या. क्यूटी अक्षरांची जुळणी हार्फबझ या त्यासाठीच्या लायब्ररीकडून करून घेतं, त्यामुळे देवनागरी नीट उमटते. सुरुवातीचे तीन प्रश्न तिथेही तेच. मालक पॅरंट म्हणून द्यायचा, मागची विंडो अडवायला क्यूडायलॉगचं एक्झेक(), बंद होण्याआधी विचारायला क्लोजइव्हेंट(). एक फरक मात्र सांभाळा: टीकेइंटरमध्ये टॉपलेव्हल कुठे साठवली नाही तरी मालक तिला धरून ठेवतो. क्यूटीमध्ये पॅरंट न देता फंक्शनच्या आत विंडो बनवून शो() केलंत, तर फंक्शन संपताच ती क्षणभर चमकून नाहीशी होते. तिला सेल्फमध्ये ठेवा.